सात रुपये चिल्लर राहिली : बारक्या तक्रारीचं पत्र पेपरात कसं लिहायचं

बेळगावातल्या शहापूरच्या एका काकांनी एकदा आमच्या पेपरला चार पानी पत्र पाठवलं होतं. पहिल्या पानावर मुलीला बघायला पाहुणे कुठनं आले ते, दुसऱ्या पानावर पाहुण्यांच्यात कोण कुठं नोकरीला आहे ते, तिसऱ्या पानाच्या मध्यावर एकदम कुंदा, म्हणजे आमची बेळगावची दुधाची मिठाई, आणि चौथ्या पानाच्या तळाला "तरी संबंधितांनी लक्ष घालावे ही नम्र विनंती". तक्रार काय होती तर पाहुण्यांसाठी अर्धा किलो कुंदा आणला, पाहुणे गेल्यावर काकांना शंका आली म्हणून परत तसलाच अर्धा किलो आणला आणि घरच्या काट्यावर तोलला, तर कुंदा भरला ४४५ ग्रॅम आणि नुसता डबा ५५ ग्रॅम. म्हणजे पुठ्ठ्याचा डबा त्यांना कुंद्याच्या भावानं पडला होता. मी ते पत्र सहा ओळीत बसवलं आणि छापलं, पाहुणे सगळे काढले, दुसऱ्यांदा आणून तोललेलं तेवढं ठेवलं, कारण खरी ताकद तिथंच होती.

बेळगावातल्या एका मराठी पेपरात मी बरीच वर्षं वाचकांची पत्रं बघायचं काम केलंय. आमच्या घरात कुणालाच कळायचं नाही की यात काम असं काय आहे, मोठा भाऊ तर दारात उभा राहून विचारायचा, "काय करूलालास रे रात्री दहापर्यंत, लोकांच्या चिल्लरच्या कंप्लेंटी वाचूलालास व्हय?" व्हय, तेच करत होतो आणि मनापासून करत होतो. पोस्टकार्ड, आंतरदेशीय, वहीचं फाडलेलं पान, लग्नपत्रिकेची मागची बाजू, आणि नंतर सगळं व्हॉट्सॲपवर, हे सगळं बघितल्यावर एक गोष्ट पक्की कळली की बारकी तक्रार बारकी म्हणून मागं पडत नाही, ती नीट लिहिलेली नसते म्हणून मागं पडते. तर ती कशी लिहायची ते सांगतो, ज्याला उपयोग होईल त्यानं करावा.

पहिल्यांदा तक्रारीत एक आकडा शोधा. वजन, किंमत, तारीख, वेळ, नग, काही पण चालतंय पण आकडा पाहिजे. "वडगावातल्या बेकऱ्यांत खारी पूर्वीसारखी राहिली नाही" हे खरं असेल पण यावर कोण काय करणार? "पाव किलो खारी घेतली, पिशवी काढून २१० ग्रॅम भरली" यावर करता येतंय. आकडा नसलेली पत्रं वाचायला फार गोड असतात, मला अजून आठवतात, सलूनमध्ये कल्ले एक वर एक खाली कापले म्हणून एकानं पासपोर्ट फोटो जोडला होता, एका अक्कांनी लिहिलं होतं की मसाला डोशात बटाटा शोधावा लागतो. पण टिळकवाडीच्या एका माणसानं डोशाचंच पत्र काय झकास लिहिलं होतं बघा. त्यानं शिंप्याची टेप नेली होती हॉटेलात. महिन्याच्या सुरुवातीला १४ इंच, महिन्याच्या शेवटी ११ इंच, दर तोच. दोन्ही तारखा लिहिलेल्या, दोन्ही बिलं जोडलेली. आता कायद्यानं बघितलं तर डोसा किती इंचाचा द्यायचा असं हॉटेलवाल्यानं कुठं लिहून दिलेलं नाही, त्यामुळं ग्राहक आयोगात हे टिकलं असतं असं मला वाटत नाही, पण पेपरात छापायला शंभर टक्के योग्य. पेपरातलं पत्र म्हणजे काय खटला नव्हे, गावात चार लोकांना कळावं आणि हॉटेलवाल्यानं तवा जरा मोठा फिरवावा एवढ्यासाठी असतंय ते. हा फरक डोक्यात ठेवला की कुठली तक्रार कुठं न्यायची हे आपोआप कळतंय.

दुसरं म्हणजे पत्र लिहायच्या आधी एकदा दुकानात परत जाऊन या. हे मी प्रत्येकाला सांगायचो आणि निम्मे लोक रागवायचे. पण कसं असतंय, गणपत गल्लीत दिवाळीच्या आधी कसली गर्दी असते माहीत आहे की, काट्यावरचं पोरगं नवीन असतं, चुकतं. शांतपणे "अण्णा, हे जरा परत तोलून बघा" म्हटलं की निम्मी प्रकरणं तिथंच मिटतात. आणि नाही मिटलं तर पत्रात एक वजनदार ओळ वाढते, की परत गेलो, दाखवलं, आणि त्यांनी अमुक उत्तर दिलं. त्या उत्तराचे शब्द जसेच्या तसे लिहा. दुकानदार कन्नडमध्ये बोलला असेल तर कन्नडच लिहा देवनागरीत, "चिल्लर इल्ल री" असं लिहिलेलं पत्र आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता चिल्लर. निम्मी पत्रं तरी याचीच असायची आणि माझ्या मते हा विषय सगळ्यात जास्त मनाला लावून घेण्यासारखा आहे, कारण चिल्लर नाही म्हणून पैसे जातात ते नेहमी गिऱ्हाइकाचे जातात, दुकानदाराचे गेलेले मी एकाही पत्रात वाचले नाहीत. दोन रुपये द्यायचे असतील तर चॉकलेट. चॉकलेट घ्यायची सक्ती नाही तुमच्यावर, ते चलन नव्हे. चलन काय आहे ते पण माहीत असू दे. दहाचं नाणं चालत नाही असं म्हणून कितीतरी लोकांनी कितीतरी वर्षं ते नाकारलं, आणि रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दहाच्या नाण्याचे तोपर्यंत आलेले १४ च्या १४ नमुने खरे आहेत, रुपयाचं चिन्ह असलेले पण आणि नसलेले पण. नाण्यांचा कायदा २०११ चा आहे, त्याच्यात एक रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला चालतात, ५० पैशाचं नाणं पण अजून चालतं, दहा रुपयांपर्यंत. बंद झालीत ती २५ पैसे आणि त्याखालची, ३० जून २०११ पासून. हे एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा, भांडण न करता दाखवता येतंय.

आणि बसमधली चिल्लर. आपल्याकडं कंडक्टर मामा तिकिटाच्या पाठीमागं पेनानं आकडा लिहून देतात, सात, बारा, काय राहिले असतील ते, आणि उतरताना घ्या म्हणतात. उतरायच्या वेळी बस स्टँडात शिरलेली असते, मागनं लोक ढकलत असतात, खाली चढणारे दारात उभे, हातात पिशव्या, आणि सात रुपये राहतातच. खानापूरहून रोज कॉलेजला येणाऱ्या एका मुलीनं एकदा काय केलं, असली राहिलेली अकरा तिकिटं जपून ठेवली आणि अकराच्या अकरा तिकिटांची तारीख, वेळ, गाडी नंबर आणि मागचा आकडा असं सगळं वहीत आखून आम्हाला पाठवलं, बेरीज ४६ रुपये. एका ओळीची पण तक्रार नव्हती त्याच्यात. वर फक्त "राहिलेली चिल्लर" एवढं लिहिलेलं. आम्ही ते आखलेलं कोष्टक तसंच छापलं. माझ्या हातनं छापलेल्या पत्रांतलं ते मला सगळ्यात आवडलेलं आहे. तर शिकायचं काय, तिकीट टाकू नका, मशीनच्या तिकिटावर तारीख वेळ गाडी सगळं असतंय, आणि चिल्लर शेवटच्या थांब्यावर मागू नका, एक थांबा आधी उठून मागा, तेव्हा मामाकडं पैसे पण जमलेले असतात आणि वेळ पण असतो. तरी नाही मिळाली तर डेपोत तिकीट दाखवून मागता येतात, पत्र नंतर. मामांच्या बाजूनं पण एक सांगतो, सकाळच्या पहिल्या गाडीत प्रत्येकजण दोनशेची, पाचशेची नोट काढतो तेव्हा त्या माणसानं चिल्लर आणायची कुठनं? असली पत्रं पण यायची, कंडक्टरांकडनं, आणि ती मी आधी छापायचो.

कुंद्याकडं परत येऊ, कारण वजनाच्या तक्रारीला सगळ्यात जास्त कायदा पाठीशी आहे आणि लोकांना नेमकं तेच माहीत नसतंय. मिठाई घेताना पैसे निव्वळ मालाचे द्यायचे, डब्याचे नव्हे. काट्यावर आधी रिकामा डबा ठेवायचा, झिरो करायचं, मग माल भरायचा, एवढं सोपं आहे, प्रत्येक इलेक्ट्रॉनिक काट्याला ते बटण असतंय. किलोला ४८० भाव धरला तर ५५ ग्रॅमचे २६ रुपये ४० पैसे होतात, आणि दुकानानं दिवसात असले पन्नास डबे विकले तर १३२० रुपये नुसत्या पुठ्ठ्याचे. काकांनी हा हिशेब केला नव्हता, तो मी पत्राखाली टाकला, आणि मग लोकांना ते बारकं वाटलं नाही. काट्याची सरकारी तपासणी होते, इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी करून घ्यावी लागते आणि त्याचं सर्टिफिकेट दुकानात दिसेल असं लावायचं असतंय. ते लावलंय का बघा, नसेल तर पत्रात तेवढं लिहा, "सर्टिफिकेट दिसले नाही". आणखी एक, सुट्ट्या मिठाईच्या ट्रेसमोर किती तारखेपर्यंत खायची ते लिहायचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आहे. कुंदा, पेढा, बर्फी सगळ्याला. आपल्याकडं मांडे, करदंट, कुंदा हे बाहेरगावी न्यायचे पदार्थ, पुण्याला मुंबईला पोचेपर्यंत दोन दिवस जातात, त्यामुळं ही तारीख बघायला सगळ्यात जास्त आपणच शिकलं पाहिजे.

पेट्रोलचं पण तसंच. पंपावर ५ लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर त्यानं मोजून दाखवावं लागतं. महाराष्ट्रातनं, शिनोळीच्या पलीकडनं, निपाणीच्या पलीकडनं लोक गाडीची टाकी भरायला इकडं येतात, येवढं अंतर तोडून येताय तर माप पण मागून बघा की एकदा.

पाण्याच्या बाटलीत मात्र लोक नेहमी चुकतात म्हणून जरा सावकाश सांगतो. बाटलीवर २० छापलंय आणि स्टँडवरच्या स्टॉलवाल्यानं २५ घेतले, थंड केल्याचे पाच म्हणाला. हे चालत नाही. पाकिटबंद मालाचे नियम २०११ चे आहेत, छापील किमतीच्या वर विकता येत नाही, त्या किमतीत सगळे कर आलेले असतात, थंडाचे वेगळे असलं काही नसतंय. पण तीच बाटली तुम्ही हॉटेलात टेबलावर बसून मागवली आणि त्यांनी ४० लावले तर? तिथं सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय की हॉटेल रेस्टॉरंटवाले जास्त घेऊ शकतात, कारण ते नुसती बाटली विकत नाहीत, बसायला जागा आणि वाढायला माणूस पण देतात. मला स्वतःला हे पटत नाही पण आहे ते असं आहे, आणि हॉटेलातल्या बाटलीची तक्रार स्टॉलच्या नियमावर लिहिली की दुसऱ्या दिवशी कोणीतरी जाणकार उलटं पत्र लिहून तुम्हालाच खोटं पाडतो. आमच्याकडं हे दोनदा झालं.

आता प्रत्यक्ष पत्र. लोक सुरुवात अशी करतात, "आजकाल समाजात सर्वत्र फसवणुकीचे प्रमाण वाढले असून ग्राहक हा राजा आहे असे म्हटले जाते परंतु". हे सगळं काढा. वाचणारा सकाळी चहा घेत वाचतोय, त्याला राजा नको, त्याला कुंदा पाहिजे. मी लोकांना असं लिहायला सांगायचो:

"संपादक, दि. १२ रोजी सायंकाळी ६ वाजता खडेबाजारातील एका दुकानातून अर्धा किलो कुंदा घेतला. घरी डबा वेगळा करून तोलला असता कुंदा ४४५ ग्रॅम व डबा ५५ ग्रॅम भरला. लगेच परत जाऊन दाखवले. 'सगळीकडे असेच तोलतात' असे उत्तर मिळाले. बिल जवळ आहे. दुकानदारांनी रिकामा डबा आधी काट्यावर ठेवून वजन शून्य करावे व मग माल तोलावा, एवढीच मागणी. एक ग्राहक, शहापूर."

बघा यात काय काय आहे. कधी, कुठं, किती, परत गेलो, काय म्हणाले, कागद आहे, आणि काय पाहिजे. शेवटचं फार महत्त्वाचं आणि तेच लोक विसरतात. "संबंधितांनी लक्ष घालावे" म्हणजे कुणी, कुठं, काय घालावं? काय केलं की तुमचं समाधान होईल ते एका वाक्यात मागा. पैसे परत पाहिजेत का, माल बदलून पाहिजे का, पुढच्यांसाठी पद्धत बदलायला पाहिजे का. मागणी बारकी असली की ती पुरी होते, हे मी डोळ्यानं बघितलंय.

दुकानाचं नाव पत्रात घालायचं का? माझं मत, पहिल्या पत्रात नको. गल्ली लिहा. नाव, बिल, तुमचा खरा पत्ता आणि फोन हे सगळं संपादकाला वेगळ्या कागदावर द्या, छापायला नव्हे, आमच्याजवळ असायला. बदनामीचा कायदा आहे, पूर्वी दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ आहे, आणि नाव छापलं की पेपरला पण उत्तर द्यावं लागतंय, त्यामुळं नाव असलेलं पत्र महिनाभर टेबलावर पडून राहतं आणि गल्ली असलेलं परवा छापून येतंय. आणि गंमत अशी की गल्ली लिहिली की त्या गल्लीतले सगळेच दुकानदार काटे साफ करतात. निनावी पत्र मात्र पाठवू नका. छापताना "एक ग्राहक" चालेल, पण आम्हाला तुम्ही कोण ते माहीत पाहिजे. शेजारच्या दुकानदारानं जळून लिहिलेली पत्रं पण येतात, ती ओळखायला दुसरा मार्ग नाही.

भाषेचं सांगतो, कारण हा आपल्या सीमाभागातला खास प्रश्न आहे. इथं मराठी पेपर वाचायची सवय फार जुनी, बाबूराव ठाकुरांनी 'तरुण भारत' काढला तो १९१९ साली, तेव्हापासून घरात पेपर येतोय असं सांगणारी कुटुंबं आहेत. मराठी पेपरातलं पत्र गल्लीत वाचलं जातंय, कट्ट्यावर, सलूनमध्ये, दुकानदार पण वाचतो. पण ज्या ऑफिसनं कारवाई करायची तिथला साहेब बरेचदा हुबळी धारवाडकडनं किंवा आणखी खालनं बदलून आलेला असतोय, तो कन्नड पेपर वाचतो. त्यामुळं तेच पत्र कन्नड पेपरला पण पाठवा. येत नसेल तर शेजाऱ्याला सांगा. आमच्या वाड्यात खाली कन्नड बोलणारं कुटुंब आहे, त्यांच्या मुलानं माझी कितीतरी पत्रं कन्नडमध्ये करून दिलीत आणि त्यांच्या आजीची दोन मी मराठीत केलीत. काटा काय भाषा बघून कमी भरत नाही, त्यांना पण ४४५ ग्रॅमच मिळतोय कुंदा. वजनाच्या ऑफिसला कन्नडमध्ये कानूनु मापनशास्त्र इलाखे म्हणतात, आपण नुसतं वजन-मापवाले म्हणतो, अर्ज देताना हे नाव वर नीट लिहा म्हणजे टपाल दुसऱ्या टेबलावर फिरत बसत नाही. बिल कन्नडमध्ये असेल तर त्याचा नंबर आणि तारीख आहे तशी उतरवून काढा, भाषांतर करायला जाऊ नका.

पत्र छापून आलं आणि काहीच झालं नाही तर? तर पुढं जायचं, आणि पुढं जायला वाटतं तेवढं अवघड नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे, मराठीत पण बोलता येतंय आणि कन्नडमध्ये पण. त्याच्या वर जिल्हा ग्राहक आयोग, बेळगावात आहे. माल किंवा सेवेला ५ लाखापर्यंत पैसे मोजले असतील तर तक्रारीला फी लागत नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, ऑनलाइन पण करता येतंय. आणि आपल्या सीमेवरच्या लोकांसाठी सगळ्यात कामाचं हे, की २०१९ चा नवा ग्राहक कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्याच्यात तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. पूर्वी मिक्सर कोल्हापुरात घेतला, बिघडला, दुकानाची इकडं शाखा नाही, म्हणजे कोल्हापूरला तारखांना जा, एसटीचं भाडं मिक्सरच्या वर जायचं. आता कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगड कुठं पण घेतलेला असू दे, बेळगावात राहता म्हणजे बेळगावात तक्रार. हे अजून कितीतरी जणांना माहीत नाही, कृपा करून सांगा चार लोकांना.

"येवढ्यासाठी कशाला?" हे घरचे म्हणणारच. त्यांना दोन गोष्टी सांगा, दोन्ही खऱ्या. तमिळनाडूत एका माणसानं भटक्या जनावरांना घालायला बिस्किटाचे पुडे घेतले, पुड्यावर १६ बिस्किटं लिहिलेली, आत निघाली १५. कंपनी म्हणाली आम्ही नगावर नव्हे, वजनावर विकतो. तोलून बघितलं तर वजन पण छापल्यापेक्षा कमी. तिरुवळ्ळूर जिल्हा ग्राहक आयोगानं २०२३ मध्ये कंपनीला एक लाख रुपये भरपाई द्यायला लावली. एका बिस्किटाला! दुसरी गोष्ट मथुरेची. १९९९ मध्ये एका वकिलांनी ३५ रुपयांची दोन रेल्वे तिकिटं काढली, ७० च्या जागी ९० घेतले. त्या २० रुपयांसाठी त्यांनी बावीस वर्षं केस चालवली, शंभरावर तारखा झाल्या, आणि २०२२ मध्ये जिंकले, २० रुपये व्याजासकट आणि वर १५ हजार. त्या बावीस वर्षांचं मला फार वाईट पण वाटतं आणि अभिमान पण वाटतो. ग्राहक चळवळ ज्यांनी उभी केली त्या बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा ग्राहकासाठी वेगळा असा कायदाच नव्हता, पहिला कायदा १९८६ चा, २४ डिसेंबरला त्याच्यावर सही झाली म्हणून तो ग्राहक दिन. कायदा यायच्या आधी लोकांच्या हातात काय होतं, तर आपापसात एकत्र यायचं आणि पेपरात लिहायचं.

आमच्या पेपरवर पण तक्रारी यायच्या आणि त्या पण छापायच्या असा माझा हट्ट होता. अनगोळच्या एका आजोबांनी पोस्टकार्ड लिहिलं, शब्दकोड्यात आडवा शब्द पाच अक्षरी, घरं मात्र चार, रविवार वाया गेला. खरंच चूक होती. पेपरचे पैसे त्यांनी पूर्ण दिले होते आणि घर एक कमी मिळालं होतं, कुंद्याच्या डब्यापेक्षा ते वेगळं काय? पुढच्या रविवारी दुरुस्ती छापली, पाचवं घर आखून, आणि आजोबांचं पोस्टकार्ड शेजारी. सोमवारी परत पोस्टकार्ड, "पोचले, सुटले".

शेवटी फोटोचं सांगायचं राहिलं. हल्ली सगळे व्हॉट्सॲपवर पाठवतात, चांगलं आहे, पण बिलाचा फोटो काढताना बिल टेबलावर सपाट ठेवा, वर ट्यूबलाइटचा उजेड चमकतोय का बघा, आणि हातात धरून काढत असाल तर अंगठा कुठं येतोय ते बघा. तो नेहमी तारखेवर येतो. थर्मल कागदावरचं बिल दोन तीन महिन्यांत उडून पांढरं होतंय म्हणून घरी आल्या आल्या फोटो काढा आणि त्याची झेरॉक्स पण काढून ठेवा. तोललेल्या मालाचा फोटो काढला तर काट्याचा आकडा आणि माल दोन्ही एकाच फोटोत पाहिजेत, आणि काढायच्या आधी पोरांना सांगा की फोटो होईपर्यंत कुंद्याला हात लावू नका, कारण "४१० ग्रॅम भरला" असं लिहून पाठवलेल्या एका फोटोत डब्याच्या कोपऱ्यात चमचा उभा होता आणि ते पत्र मला परत पाठवावं लागलं.